मेरुरज्जूची दुखापत आणि स्नायुकंपन उपचार

वसई-विरार पट्ट्यात पाठीच्या कण्याला इजा होण्याचे प्रसंग नवे नाहीत. ताडीसाठी माडावर चढलेला माणूस घसरतो, नव्या इमारतीच्या परांचीवरून मजूर कोसळतो, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर दुचाकी उलटते, गर्दीच्या लोकलच्या दारातून हात सुटतो. यातील बहुतेकांचे हातपाय वाचतात, जखमा भरतात, हाडेही जुळतात. मात्र कण्याच्या पोकळीतील करंगळीएवढ्या जाडीच्या मेरुरज्जूला इजा झाली, तर क्षणार्धात आयुष्य दोन भागांत विभागले जाते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी येतो आणि तेथून खरा प्रदीर्घ प्रवास सुरू होतो. या प्रवासात अलीकडे वारंवार कानावर येणारा एक शब्द म्हणजे 'व्हायब्रेशन थेरपी', अर्थात स्नायुकंपन उपचार. तो नेमका काय आहे, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे रुग्णाच्या कुटुंबाने समजून घेणे गरजेचे आहे. कारण या उपचाराभोवती जेवढे विज्ञान आहे, तेवढीच आशेची बाजारपेठही आहे.

मेरुरज्जू तुटतो म्हणजे काय होते?

मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू मानेतून व पाठीतून खाली उतरतो आणि प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्यातून चेतातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूचे आदेश स्नायूंपर्यंत आणि त्वचेची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचवणे, हे त्याचे एक काम. दुसरे काम कमी परिचित आहे. मेरुरज्जू हा केवळ तारांचा जुडगा नसून त्याच्याकडे स्वतःची निर्णयशक्ती असते. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय आपोआप उडतो, त्या क्रियेसाठी मेंदूची परवानगी लागत नाही. हा प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग मेरुरज्जूतच पूर्ण होतो.

दुखापत मानेत झाली तर चारही अवयव दुबळे होतात. छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर झाली तर दोन्ही पाय जातात, ज्याला अधरांगवायू म्हणतात. पायांबरोबरच लघवी, शौच, घाम, रक्तदाब आणि लैंगिक क्रिया यांवरील ताबाही कमी-अधिक प्रमाणात सुटतो. डॉक्टर दुखापतीची प्रतवारी 'ए' ते 'ई' अशी करतात. 'ए' म्हणजे सर्वांत खालच्या त्रिक चेतांपर्यंत हालचाल व संवेदना दोन्ही नाहीत अशी 'पूर्ण' दुखापत. 'बी', 'सी' आणि 'डी' या 'अपूर्ण' दुखापती. 'ई' म्हणजे तपासणीत सर्व काही पूर्ववत. हे एक अक्षर रुग्णाच्या कागदपत्रांत शोधून ठेवावे, कारण पुढील प्रत्येक उपचाराचा अंदाज त्यावर अवलंबून असतो.

ताठरपणा: शत्रू आणि मित्रही

दुखापतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पाय अगदी लुळे असतात. त्यानंतर एके दिवशी पाय अचानक झटका देतो. घरात आनंदीआनंद होतो. 'पाय हलला, आता चालेल' अशी बातमी नातलगांत पसरते. दुर्दैवाने बहुतेक वेळा ही परतलेली शक्ती नसते. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे दुखापतीच्या खालचा मेरुरज्जू स्वतःच्या मर्जीने वागू लागलेला असतो. स्नायू थोडा ताणला, चादरीचा स्पर्श झाला, तरी तो जोराने आकुंचन पावतो. यालाच स्नायूंचा ताठरपणा किंवा 'स्पॅस्टिसिटी' म्हणतात. रुग्णाने ठरवून, सांगितल्याबरोबर केलेली हालचाल ही खरी सुधारणा. आपोआप आलेला झटका नव्हे. हा फरक पहिल्याच महिन्यात कळला, तर पुढचा मोठा मनस्ताप आणि खर्च टळतो.

ताठरपणामुळे झोपमोड होते, व्हीलचेअरवरून घसरायला होते, सांधे आखडतात, मांड्या एकमेकींना चिकटून स्वच्छता राखणे अवघड होते. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. काही रुग्णांना पायांतील याच ताठरपणाच्या आधारे क्षणभर उभे राहून पलंगावरून खुर्चीत सरकता येते, तसेच स्नायूंचा आकारही काही प्रमाणात टिकून राहतो. म्हणून तो समूळ नष्ट करणे हे उद्दिष्ट नसते. त्याला आटोक्यात ठेवणे हे असते. तो अचानक वाढला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शय्याव्रण किंवा रुतलेले नख असे काही कारण दडलेले आहे का, हे आधी पाहावे लागते. जेथे रुग्णाला वेदना कळत नाही, तेथे ताठरपणाच धोक्याची घंटा वाजवतो.

नियमित ताण देण्याचे व्यायाम, बॅक्लोफेन किंवा टिझानिडीनसारख्या गोळ्या, निवडक स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने आणि तीव्र ताठरपणात मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडणारा पंप, हे प्रस्थापित उपाय आहेत. गोळ्यांनी गुंगी व अशक्तपणा येतो. पंप महाग पडतो. त्यामुळे औषधाविना ताठरपणा कमी करणाऱ्या मार्गांकडे संशोधकांचे लक्ष गेले. स्नायुकंपन हा त्यांपैकी एक.

कंपनाची जुनी कहाणी

कंपनाने उपचार करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. ब्रिटिश वैद्य जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८०च्या दशकात चेतांच्या दुखण्यासाठी विजेवर चालणारे ठोके देणारे उपकरण वापरले. पॅरिसचे ख्यातनाम चेतातज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८९२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी हादरे देणाऱ्या खुर्चीचा प्रयोग मांडला. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते, असे रुग्ण सांगत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

याला शास्त्रीय पाया मिळाला तो १९६६ मध्ये. स्वीडनचे हागबार्थ व एक्लुंड यांनी आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील लान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्नायूवर किंवा त्याच्या कंडरेवर वेगवान कंपने दिली की तो स्नायू हळूहळू आपोआप आकुंचन पावतो. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी आणखी एक गंमत नोंदवली. डोळे मिटलेल्या माणसाच्या दंडाच्या पुढील स्नायूच्या कंडरेवर कंपन दिले, तर हात जागचा हललेला नसतानाही कोपर सरळ होत असल्याचा त्याला भास होतो. स्नायू किती ताणला आहे, याची खबर मेंदूला देणारे सूक्ष्म संवेदक कंपनाने फसतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

कंपनाने आत काय घडते?

प्रत्येक स्नायूत 'मसल स्पिंडल' नावाचे चातीच्या आकाराचे संवेदक असतात. स्नायू ताणला की ते मेरुरज्जूकडे संदेश पाठवतात. सेकंदाला ५० ते १०० या गतीने दिलेल्या कंपनाचा प्रत्येक ठोका म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक छोटासा ताणच असतो. परिणामी मेरुरज्जूकडे संदेशांचा अखंड ओघ सुरू होतो.

येथे दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी घडतात. एकीकडे कंपन दिलेला स्नायू किंचित आवळला जातो. दुसरीकडे, सततच्या संदेशांमुळे मेरुरज्जूच्या दाराशीच अडसर तयार होतो आणि हातोडीच्या ठोक्याला मिळणारी प्रतिक्षिप्त उसळी मंदावते. दारावर कोणी एकसारखी कडी वाजवत राहिले, तर घरातले लोक तिकडे लक्ष देईनासे होतात, तसाच हा प्रकार. ताठरपणा कमी होण्यामागे मुख्यतः हा दुसरा परिणाम असावा, असे मानले जाते. शिवाय एका स्नायूला उत्तेजन दिले की त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू सैलावतो. या निसर्गनियमाचाही उपयोग भौतिकोपचारतज्ज्ञ करून घेतात.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कंपनाचा उपयोग होण्यासाठी दुखापतीच्या खालचे प्रतिक्षिप्त मार्ग शाबूत असावे लागतात. मेरुरज्जूच्या अगदी टोकाला किंवा त्याखालील चेतांच्या जुडग्याला इजा झालेल्या रुग्णाचे पाय कायम लुळे राहतात. त्यांच्यात ताठरपणाच नसतो. मग कंपनाने कमी काय करणार? 'शेजारच्या पेशंटला फरक पडला' या एका वाक्यावर यंत्र विकत घेणाऱ्या कुटुंबांनी हा भेद आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

उपचाराचे प्रकार आणि अभ्यासांचा कौल

पहिला प्रकार स्थानिक कंपनाचा. हातात धरण्याचे किंवा पट्ट्याने बांधण्याचे छोटे उपकरण ठरावीक स्नायूवर काही मिनिटे लावले जाते. स्पेनमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेरुरज्जूच्या दुखापतीच्या रुग्णांना मांडीच्या पुढील स्नायूवर सेकंदाला ५० या गतीने १० मिनिटे कंपन दिले. त्यानंतर पायांचा ताठरपणा आणि प्रतिक्षिप्त क्रियांची तीव्रता कमी झाल्याचे आढळले.

दुसरा प्रकार सर्वांगकंपनाचा. रुग्ण आधाराने, गुडघे किंचित वाकवून, कंपन पावणाऱ्या फळीवर उभा राहतो. अमेरिकेतील मायामी येथे नेस आणि फील्ड-फोट यांनी केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांना आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे चार आठवडे हा उपचार दिला गेला. मांडीच्या स्नायूंचा ताठरपणा घटला आणि तो परिणाम शेवटच्या सत्रानंतर साधारण आठवडाभर टिकला. चालण्याचा वेगही वाढला. पण किती? सरासरी सेकंदाला सहा सेंटीमीटर. ही वाढ संशोधकांच्या लेखी महत्त्वाची असली, तरी 'अंथरुणाला खिळलेला रुग्ण चालू लागला' असा त्याचा अर्थ होत नाही. सहभागी झालेल्यांना आधीपासूनच थोडेफार उभे राहता येत होते.

काही प्रयोगांत पाय अधांतरी टांगून कंपन दिल्यावर चालण्यासारख्या तालबद्ध हालचाली आपोआप उमटल्या. चालण्याच्या तालाची रचना मेरुरज्जूतही दडलेली आहे, याचा हा पुरावा मानला जातो. परंतु अशी हालचाल आणि स्वतःच्या इच्छेने रस्ता ओलांडणे, यांत फार मोठे अंतर आहे.

तिसरा उपयोग फारसा उघडपणे बोलला जात नाही, पण तरुण जोडप्यांच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर अनेक पुरुषांना नैसर्गिकरीत्या वीर्यस्खलन होत नाही. ठरावीक गतीच्या व पल्ल्याच्या वैद्यकीय कंपनाने ते साधता येते आणि मिळालेल्या शुक्राणूंचा उपयोग अपत्यप्राप्तीसाठी करता येतो. कमरेच्या वरच्या भागातील दुखापतींत ही पद्धत जगभर मान्यता पावलेली आहे. मात्र पहिला प्रयत्न डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब मोजतच व्हावा लागतो.

एकंदरीत पाहता, बहुतेक अभ्यासांत रुग्णांची संख्या थोडी होती, कंपनाची गती व कालावधी वेगवेगळे होते आणि परिणाम मिनिटे, तास किंवा फार तर काही दिवस टिकणारा होता. पातळ झालेली हाडे कंपनाने मजबूत होतील, ही आशाही मेरुरज्जूच्या रुग्णांमध्ये ठामपणे सिद्ध झालेली नाही. तुटलेला मेरुरज्जू कंपनाने जुळत नाही. म्हणून स्नायुकंपन हा व्यायामाला पर्याय न ठरता व्यायामापूर्वीची तयारी ठरतो. ताठरपणा उतरलेल्या त्या अवधीत सांध्यांना ताण देणे, उभे राहण्याचा सराव करणे, कपडे चढवणे किंवा खुर्चीत सरकणे यासाठी त्याचा उपयोग करून घेतला, तरच त्याचे चीज होते.

धोके कोणते?

कंपन वरवर निरुपद्रवी दिसते, पण मेरुरज्जूच्या रुग्णाचे शरीर धडधाकट माणसासारखे प्रतिसाद देत नाही.

पहिला धोका त्वचेचा. संवेदना नसलेल्या जागी उपकरण जोराने दाबले गेले किंवा गरम झाले, तरी रुग्णाला कळत नाही. त्यातून झालेले व्रण महिनोन्‌महिने भरत नाहीत. दुसरा धोका हाडांचा. दुखापतीनंतर पायांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. गुडघ्याजवळचे हाड किरकोळ कारणानेही मोडू शकते. तिसरा धोका पायांतील रक्ताच्या गुठळ्यांचा, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. एका पायाला अचानक सूज किंवा उष्णता जाणवत असेल, तर कंपन किंवा मालिश करू नये, तातडीने तपासणी करून घ्यावी. कण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यास शल्यविशारदाच्या परवानगीवाचून कोणतेही कंपन देऊ नये.

चौथा धोका सर्वांत गंभीर आहे. छातीच्या सहाव्या चेतापातळीच्या किंवा त्यावरच्या दुखापतीत, शरीराच्या खालच्या भागातील एखाद्या उत्तेजनाने रक्तदाब अचानक भडकू शकतो. डॉक्टर याला 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' म्हणतात. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, दुखापतीच्या वरच्या भागाला दरदरून घाम येणे, नाडी मंदावणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी कंपन ताबडतोब थांबवावे, रुग्णाला आडवे न करता बसते करावे, घट्ट कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली किंवा तुंबली आहे का ते पाहावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. हा रक्तदाब मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो.

बाजारात मिळणारी मालिश यंत्रे आणि वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कंपनफळ्या यांवर गती व पल्ला यांची खात्रीलायक नोंद असतेच असे नाही. महामार्गावर वर्षानुवर्षे अवजड वाहन चालवणाऱ्याची कंबर आणि ड्रिल मशीन धरणाऱ्या कामगाराची बोटे ज्यामुळे निकामी होतात, तेही कंपनच असते. मात्रा चुकली, तर औषधाचे विष होते.

महाराष्ट्रातील वाटचाल

मेरुरज्जूच्या रुग्णांचे पुनर्वसन ही संकल्पना रुजवली ती डॉ. लुडविग गुटमन यांनी. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये त्यांनी जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. १९४८ मध्ये तेथे भरलेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिकचा जन्म झाला.

या परंपरेशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली. पुनर्वसनासाठी ते पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून जायबंदी सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. १९९५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या अपघातात कण्याला इजा झालेल्या डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये 'नीना फाउंडेशन'ची स्थापना करून या रुग्णांचे प्रश्न समाजापुढे मांडले.

वसई-विरारच्या रुग्णाला मात्र या सेवेपर्यंत पोहोचणे हीच एक परीक्षा असते. हाजी अलीसाठी महालक्ष्मी हे जवळचे स्थानक; पण विरारहून सुटणाऱ्या जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. व्हीलचेअर घेऊन फलाट बदलणे, पूल ओलांडणे, गर्दीतून अपंगांच्या डब्यापर्यंत पोहोचणे आणि एवढे करून आठवड्यातून तीनदा उपचारांसाठी जाणे, हे हातावर पोट असलेल्या कुटुंबाला किती दिवस जमणार? रुग्णाबरोबर जाणाऱ्याचा रोजही बुडतो. अभ्यासांतील 'चार आठवड्यांत बारा सत्रे' ही अट कागदावर सोपी दिसते. पण येथे तिची किंमत भाडे आणि मजुरीत मोजावी लागते. म्हणूनच एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून घरच्यांनीच ताण देण्याचे व्यायाम आणि उचलण्या-बसवण्याची पद्धत नीट शिकून घेणे, हे कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक फलदायी ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये मिळणारे प्रमाणपत्र व ओळखपत्रही वेळीच काढून ठेवावे.

कुटुंबाने लक्षात ठेवावे

अपघातस्थळी जखमीला हातापायाला धरून उचलून रिक्षात कोंबू नये. मान व पाठ एका रेषेत ठेवून, अनेकांनी मिळून, फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अपूर्ण राहिलेली दुखापत हलवाहलवीत पूर्ण होऊ शकते.

कंपन उपचार सुचवला गेला, तर चार प्रश्न जरूर विचारावेत. दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण, आणि कोणत्या पातळीवर? पायांत ताठरपणा आहे की लुळेपणा? या उपचाराचे उद्दिष्ट काय आणि ते कसे मोजणार? ठरलेल्या सत्रांनंतर फरक दिसला नाही, तर थांबणार कधी? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा तज्ज्ञ विश्वासार्ह समजावा. 'हमखास चालवून दाखवतो' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

मेरुरज्जूच्या रुग्णाचे यश केवळ पावलांत मोजायचे नसते. रात्रीची शांत झोप, व्रणमुक्त त्वचा, स्वतःच्या हाताने खुर्चीत सरकणे, पुन्हा कामावर रुजू होणे, ही सारी यशाचीच रूपे आहेत. स्नायूंवरील काही मिनिटांचे कंपन यातील एखादी पायरी सोपी करू शकते. उरलेल्या पायऱ्या रोजच्या व्यायामाने आणि घरच्यांच्या साथीनेच चढाव्या लागतात.